खाचरातली पाटी

उंबरपाडा,
ता. १४ जुलै १९७४

चि. अनंता यास वहिनीचा आशीर्वाद.

इकडे आई, मी आणि म्हैस तिघी खुशाल आहोत. त्यातल्या त्यात म्हैस जास्त. जानकीचा खोकला थांबला का? भिवंडीत कामतघरच्या तुमच्या खोलीत शेजारच्या मागांचा कापूस उडत असतो, तो तिच्या छातीत बसतो. स्वयंपाक करताना नाकाला पदर बांध म्हणावं. नुसतं औषध आणून भागत नाही.

भाताची आवणी संपली एकदाची. घरी आले तरी कंबर अजून चिखलातच वाकलेली आहे असं वाटतं.

रस्त्याकडच्या खाचरात यंदा काय चाललंय ते तुला चिंधूने सांगितलंच असेल. आपल्या बांधाशेजारी त्याचा बांध, आणि दर बाजाराला तो भिवंडीत येणार, म्हणजे भाजीबरोबर गावच्या बातम्याही तिथे विकत असणार. तरी माझ्याकडून ऐक, तिखटमीठ वगळून मिळेल.

वैशाखात ग्रामसेवक भाऊसाहेब ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "बाई, तुमच्या या भागात पाऊस सगळ्यात जास्त आणि भात पिकतं सगळ्यात कमी. एवढं पाणी घाटावरच्या माणसाला मिळालं असतं तर त्यानं सोनं केलं असतं." मला रागच आला. म्हटलं, "पाणी येतं हे खरं, पण जाताना ते आमची माती घेऊन खाडीला जातं. ते तुमच्या कागदात कुठं लिहिता?" ते हसले आणि मुद्द्यावर आले. एक खाचर द्या, जया नावाचं नवं बियाणं आम्ही देतो, खत आम्ही देतो, लावायची पद्धत मात्र आमची.

धर्माच्या गाईचे दात बघू नयेत म्हणतात. मी बघितले. सही लागेल का? नाही. जमिनीवर काही बोजा? नाही. पीक तुम्ही नेणार? नाही. सरकारी माणूस तीनदा नाही म्हणाला की मला चौथ्यांदा विचारावंसं वाटतं. पण आपलं ते खाचर काय देतं ते तुलाही ठाऊक आहे. पेरलेलं निघालं तरी आई देवाला नारळ फोडते. तुझे दादा होते तेव्हाही तसंच आणि ते गेल्यावरही तसंच. म्हटलं, याहून कमी काय होणार? हो म्हणून टाकलं.

रोपांच्या वाफ्यावर राब भाजायचा नाही, असं भाऊसाहेबांनी बजावलं. खत आहे, पालापाचोळा आणि शेण कशाला जाळता? आईने मान डोलावली आणि त्यांची पाठ वळल्यावर वाफ्याच्या एका कोपऱ्यात भाजलाच. आवणीला दोरी धरून रांगेत रोपं लावायची म्हटल्यावर बाया माझ्यावर उखडल्या. ठमाबाई म्हणाली, "ही काय साळेतली प्रार्थना हाय, रांगेत उभी कराला?" गोड बोलून, चहा पाजून कशीतरी लावून घेतली.

आता बांधाजवळ एक पिवळी पाटी रोवली आहे, रस्त्यावरून एसटीतूनही दिसते. तिच्यावर बियाण्याचं नाव, खताचं प्रमाण, वगैरे लिहिलंय. चिंधू ती बघून म्हणाला, "आधी पाटी येतं, मंग मोजणी येतं, मंग मोटार येतं. जमीन गेली तुजी, वयनी."

मोटारीवरून आठवलं. तुझ्या मागवाल्या शेठची काळी मोटार म्हणे गेल्या आठवड्यात आपल्या खाचराशी थांबली होती. हेही चिंधूच म्हणाला. गणेशपुरीला दर्शनाला जाणारी माणसं थांबतात कधी कधी, तसंच असेल.

सवडीने चार ओळी लिही.

तुझी वहिनी


उंबरपाडा,
ता. २९ सप्टेंबर १९७४

चि. अनंता यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मोटारीबद्दल त्यात काही नव्हतं. गणपतीला रजा मिळाली नाही असं लिहिलंस. मिळाली नसेल. तुझी ड्युटी हल्ली दिवसपाळीला आहे की रातपाळीला, ते कळव.

आपली पाटी गेली. गौरी-गणपती बोळवून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी बघायला गेले, तर पाटीच्या जागी खड्डा. त्यात एक बेडूक बसला होता, जणू तोच आता खताचं प्रमाण सांगणार!

तेव्हापासून मला झोप नाही आणि गावाला करमणूक आहे. पहिला संशय चिंधूवर. त्याचं भात पिवळं पडलंय आणि आपलं हिरवंगार, ते त्याला कसं बघवेल? पण तो आपणहून ओटीवर आला आणि म्हणाला, "माजं नाव घेशील म्हनून आधीच आलो. म्या न्हाय." इतक्या घाईने आला म्हणून संशय वाढला. मग ठमाबाईवर आला, कारण तिच्या चुलीवर नवं फळकूट दिसलं. ते जुन्या पाळण्याचं निघालं. मग मी भाऊसाहेबांनाच धरलं. पीक फसलं तर नाव बुडेल म्हणून तुम्हीच उपटून नेली नाही ना, असं तोंडावर विचारलं. बिचारे इतके लाजले की मलाच चहा ठेवावा लागला.

आईने कुणाचं नाव घेतलं नाही याचाही मला संशय येतो.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. पाटी उपटताना त्या माणसाचा पाय पडून खड्ड्याजवळच्या भाताचे चार चूड आडवे झाले होते. आता लोंबी बाहेर पडायचे दिवस. आडवं झालेलं भात पाण्यात कुजतं. त्या माणसाने ते चारही चूड उभे केले, एकमेकांना टेकवले आणि सुताने बांधून ठेवले. पाटी चोरणारा होता खरा, पण भातावर पाय पडलेला त्याला सोसला नाही. असला चोर मी बापजन्मात बघितला नाही.

सूत पांढरं आहे, बारीक आणि चिवट. इकडे वाण्याकडे तसलं मिळत नाही.

तुझ्या दादांचं श्राद्ध येतंय. रजा मिळो न मिळो, ये.

तुझी वहिनी


उंबरपाडा,
ता. १७ ऑक्टोबर १९७४

अनंता,

आशीर्वाद वर लिहिलेला नाही. विसरले नाही. आधी मजकूर वाच.

श्राद्धाला आलास, दादांच्या पानाला हात जोडलेस, दोनदा खीर घेतलीस, आईचे पाय चेपलेस. सगळं केलंस, फक्त रस्त्याकडच्या खाचराकडे फिरकला नाहीस. आई म्हणाली, "चल, भात बघून येवं." तू म्हणालास, पाय दुखतो. लहानपणी ताप असला तरी बांधावर खेकडे धरायला पळणारा तू. एसटीतून उतरून दोन पावलांवर ते खाचर, तिथे तेवढा तुझा पाय दुखला.

मग मी एक केलं. तुला वाटलं असेल, वहिनीला पडवळाच्या मांडवाची काळजी लागली आहे. मांडवाची सुतळी मीच तोडली होती. तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, एवढी बांध रे. तू जानकीच्या खोकल्याबद्दल बोलता बोलता बांधलीस. बारीक, चपटी गाठ. टोक दातांनी तोडलंस आणि बाजूला थुंकलास. मागावर तार तुटली की जोडायची ती गाठ. गेल्या वर्षी गणपतीत तूच सगळ्यांना दाखवली होतीस, आणि आमच्यापैकी एकालाही जमली नव्हती.

तू गेल्यावर मी मांडवाची गाठ बघितली आणि खाचरात जाऊन चुडांची गाठ बघितली.

पाटी तू उपटलीस, अनंता.

मी त्या बांधावर बसून रडले. पाटीसाठी नाही. चिंधूवर संशय घेताना मला मजा येत होती, खरं सांगते. सुताची ओळख मला पहिल्या दिवशीच पटली होती, म्हणूनच मी गावभर दुसरा चोर शोधत हिंडले. कुणीही निघो, फक्त घरचा निघू नये, असं चाललं होतं माझं.

आता तुझ्या मनात काय आलं असेल ते मीच लिहिते, कारण तू लिहिणार नाहीस. पहिल्या पत्रात मी पाटीवर काय आहे ते लिहिताना 'वगैरे' लिहिलं होतं. त्या वगैरेत माझं नाव होतं. शेतकरी: श्रीमती तुळजाबाई लडकू भोईर. चिंधूने तेवढंच तुला सांगितलं असणार, आणि वर कायदाही सांगितला असणार. कसेल त्याची जमीन. वयनी कसते, पाटीवर वयनीचं नाव, उद्या सातबाऱ्यावरही तिचंच. तू बस मागाची तार जोडत. असंच ना?

नाव मी सांगून लिहून घेतलं नव्हतं. भाऊसाहेबांनी विचारलं, शेतात कोण राबतं? मी म्हटलं, मी. त्यांनी तेच लिहिलं. पण ते वाचून मला काय झालं हे तुला सांगायची मला लाज वाटली, म्हणून वगैरे. या घरात आल्यापासून मी लडकूची बायको, आईंची सून, तुझी वहिनी. कुणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. वाण्याकडे जायला मळ्यातली वाट जवळची, तरी मी रस्त्याने जात होते, येता जाता ती पाटी वाचायला मिळते म्हणून. तुला हसू येईल. येऊ दे. आणि एक ध्यानात ठेव, त्या पाटीवरचं नाव वाचायला तुला मीच शिकवलं. चुलीपुढे राखेत बोट धरून बाराखडी गिरवून घेतली होती तुझी, तुला शाळेत मार बसायचा म्हणून.

आता माझ्या मनातलं. शेठला रस्त्याकडची जागा मागांच्या शेडसाठी हवी आहे, असं चिंधू म्हणतो. तुलाही तो माझ्याबद्दल काही म्हणत असतो आणि मलाही तुझ्याबद्दल. त्याच्या जिभेवर आपण दोघं नाचतोय. पण मोटारीबद्दल मी विचारलं आणि तू गप्प राहिलास, तो गप्पपणा चिंधूचा नाही, तुझा आहे. शेठला खाचर दाखवलंस का? हो किंवा नाही, एवढंच सांग. हो असेल तर तेही चालेल; मग मला कुणाशी भांडायचं ते तरी कळेल.

आईला सगळं ठाऊक आहे. गाठ तिने माझ्याआधी ओळखली होती. काल म्हणाली, "त्यानं बांधून ठेवलं, तेच बघ. उपटलं ते नको बघूस." मी म्हटलं, आई, मला दोन्ही दिसतं. आंधळी झाले तर बरं, पण अजून झाले नाही.

आता भाताचं. भात असं आलंय की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. बुटकं आहे, पेंढा कमी निघणार म्हणून आई म्हशीजवळ बसून हळहळते. पण लोंब्या जड होऊन वाकल्या आहेत. भाऊसाहेब म्हणतात, नेहमीच्या दुप्पट तरी निघेल. राब भाजलेल्या कोपऱ्यातल्या रोपांचंही तितकंच आलंय, त्यामुळे आई आणि भाऊसाहेब दोघंही स्वतःला जिंकलेले समजतात. ठमाबाई पुढच्या साली दोरी धरायला तयार आहे. चिंधू रोज बांधावर उभा राहतो आणि बियाणं किती ठेवणार ते विचारतो. मोजणी होऊन जमीन जाणार होती ना, म्हटलं, मग बियाणं कशाला?

दसऱ्याला याच भाताच्या लोंब्यांचं नवं दारावर बांधू. त्यानंतरच्या रविवारी ठाण्याहून साहेब येणार आहेत, सगळ्यांसमोर कापणी आणि मोजणी. भाऊसाहेब म्हणाले, नवी पाटी रंगवतो, घरात वाद असेल तर दोघांचीही नावं घालू. मी म्हटलं, नवी पाटी नको. जुनी येईल.

ती कुठे आहे ते मला ठाऊक नाही, तुला आहे. रविवारी सकाळी घेऊन ये. चिंधू बघेल, ठमाबाई बघेल, साहेब बघतील. त्यांच्यासमोर तूच ती त्या खड्ड्यात रोव. नाव आहे तेच राहील. जमिनीत तुझा अर्धा वाटा आहे, तो कुठल्याही पाटीने जात नाही, आणि मी जाऊ देणार नाही, देवाशपथ. पण या खाचरात मी जे केलं ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही, अनंता. ते तेवढ्या पाटीवरच होतं.

तुझे चार चूड मी तसेच ठेवले आहेत, गाठ सोडलेली नाही. बाकीचं सगळं आम्ही कापू, ते चार तू काप. तू आला नाहीस तर ते रिकाम्या खाचरात तसेच उभे राहतील. साहेबांनी विचारलं, बाई, एवढेच का सोडले, तर मी खोटं बोलणार नाही.

जानकीलाही आण. नव्या तांदळाची पेज तिच्या खोकल्याला बरी.

आशीर्वाद देऊन ठेवला आहे, तो टपालात घालत नाही. पाटी रोवलीस की डोक्यावर हात ठेवून देईन.

तुळजाबाई लडकू भोईर
(पाटीवर होतं तसंच लिहिलं आहे.)