गाविलगडच्या कविता वाचून

अकोला, २ मार्च २०२५

तीर्थरूप मामाजी,

पाया पडते. तुमच्या गुडघ्याचं आणि आत्याबाईंच्या साखरेचं आकांक्षाकडून कळलं. आपले सासरे-सासू दोघंही औषध वेळेवर घेत नाहीत, अशी माझ्या या जावेची तक्रार आहे. माझं ठीक. बॅग भरून झाली. तिखटाचं पाकीट, मदतीला आलेल्या आकांक्षानं दोनदा बाहेर काढलं, मी दोनदा आत ठेवलं. गुरुवारी मुंबईहून विमान. डब्लिनच्या दवाखान्यात सोमवारपासून ड्युटी.

तुमच्या गाविलगडच्या कवितांची वही मिळाली. ‘जायच्या आधी वाच आन् कशा वाटल्या ते लिहून कळव,’ असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून बसले.

बावीसच्या बावीस वाचल्या. मला कवितेतलं फार कळत नाही. पडक्या बुरुजाची चांगली आहे, तलावावरच्या शेवाळाचीही. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. विपुल गेल्यापासून सहा महिने कशानंच येत नाही. ड्युटी करते, जेवते, झोपही लागते.

एकाही कवितेत त्याचं नाव नाही. लग्नानंतर तुम्ही आम्हाला गडावर नेलं होतं, तो सगळ्यांच्या पुढं चालत होता, तेही नाही. कमानीच्या कवितेवर मात्र मी थांबले.

कमानीला विचारलं, शेवटी कोण आलं?
ती म्हणाली, तो अजून वाटेवरच आहे.

खाली तुम्ही लिहिलंय, ‘लढाईतला निरोप्या’. मला तो निरोप्या वाटला नाही.

मामाजी, अमरावतीच्या दवाखान्यात विपुलच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं हृदय दोनदा बंद पडलं. दोनदा सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? पुन्हा बंद पडलं तर?” छाती दाबताना बरगड्या मोडतात. मी स्वतः किती जणांच्या मोडल्या आहेत. मी म्हणाले, नको, पुन्हा सुरू करू नका. तशा कागदावर सही केली.

त्याच्या पंधरा मिनिटं आधी, दहाला, तुमचा फोन आला होता, “नांदगाव पेठ आली, अर्ध्या तासात पोचतो.” वडील वाटेत आहेत, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. साडेदहाला विपुल गेला. तुम्ही आलात तेव्हा बारा वाजले होते, पण सही करताना मला ते कुठं माहीत होतं? मी तुम्हाला म्हणाले, “डॉक्टरांनी लय प्रयत्न केले.” ते खोटं होतं. त्याचा हात गरम असताना तुम्हाला धरता आला असता, अशी आशा तरी होती. ती मी संपवली.

तुम्ही रागावलात तर बरं होईल.

‘तुमची सून’ लिहायचं की नाही, ते तुमच्यावर सोडते.

रागिणी


तिवसा, ४ मार्च

रागिणी,

आकांक्षानं पत्र आणून देल्लं. जन्मभर शाळेत पोरायले शुद्ध लिहाले शिकवलं, पण हे तसं लिहिता येत नाही.

मी नांदगाव पेठेले बसमधून उतरलो होतो. तुले फोन केला तो खाली उतरूनच. पोराले नळ्या लावलेल्या पाहाची हिंमत होत नव्हती. दीड घंटा थांब्यावर बसून राहिलो. तीन बसा गेल्या, चौथीत चढलो. तू सही केली नसती तरी मी त्याच्या आधी आलो नसतो. दवाखान्यात वर आलो त तू मलेच पाणी पाजलं, आन् मी तुले सांगतलं, रस्ता जाम होता.

हे मी कोणाले सांगतलं नाही, तुह्या आत्याबाईलेही नाही. म्हणून कविता लिहिल्या.

शेवटच्या घडीले त्याच्यापाशी तू होती. बापानं जे कराले पायजे होतं ते तू केलं.

राग नाही. उपकार आहेत, ते फेडाची माही ऐपत नाही. सुखरूप जाय.

विपुलचा भित्रा बाप आन् तुहा मामाजी,
गोवर्धन