चाकाखालचं लिंबू

सोलापूर, बुधवार

तीर्थरूप आप्पा,

तुम्हाला आणि अव्वाला नमस्कार, शरणु शरणार्थी. फोन केला की अव्वा स्पीकरवर घेते, म्हणून ही चिठ्ठी तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर.

सायकल घेतली! पातळ टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल असलेली रोड बाइक. दुकानदार जाड टायरची नवी, चकाचक सायकल गळ्यात मारत होता. तुम्ही शिकवलंत तसं मी दोन्हींची चाकं उचलून फिरवून बघितली. नवीचं चाक डुगडुगलं. ही जुनी सरळ फिरली, शिवाय किंमतही निम्मी! आप्पा, लई हलकी आहे, एका हातानं उचलते मी. कॉलेजला बसच्या आधी पोचते.

सायकलची पूजाही केली. विभूती लावली, आणि माझ्या रूममेटनं, वैष्णवीनं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. तुमच्या स्कूटरखाली ते कसं फचकन चिरडलं होतं! हे टायर अंगठ्याएवढं. लिंबू चिरडलंच नाही, घरंगळलं, आणि त्याच्यामागून मी. काही लागलं नाही. सायकलला तर ओरखडाही नाही.

अव्वाचा खोकला थांबला का? तुमचा डावा गुडघा कसा आहे? माझाही डावाच सुजलाय, पण हळदीनं सूज उतरतेय.

पंधरा दिवसांनी सायकलवरूनच घरी मैंदर्गीला येते. सीट वर करायचा पाना आणते, बाजारापर्यंत तुम्ही चालवून बघा. अव्वा आरती घेऊन दारात येईलच. ताटातलं लिंबू तेवढं आधी खिशात घाला. तिनं विचारलं तर मला माहीत नाही म्हणा.

तुमची,
सिद्धेश्वरी