सिंधीपुरा चौकातील कणाचा फलक उतरवण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
नामफलक कक्ष, बुऱ्हाणपूर (म.प्र.)

विषय : नातू निरंजन याच्या गौरवाचा फलक उतरवणे.
संदर्भ : आपले सत्काराचे पत्र, दि. ३ जुलै २०२५.

महोदय,

अर्जदार निंबा कडू महाजन, वय ७६, सविनय कळवतो की तो साठी उलटल्यावर लिहायला शिकला. शिकवले निरंजनने. तोच पुढे परदेशी प्रयोगशाळेत गेला. तिथे जमिनीखालच्या गोल बोगद्यात कणांवर कण आपटतात आणि टकरीतून काय नवे निघते ते पाहतात.

दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर सांगितले, की माहितीतल्याच एका कणाची नवी उत्तेजित अवस्था दिसली आहे. जन्मते तशी विरते, पण वजन हाती लागले. "आजोबा, अजून पक्कं नाही. कोणाला सांगू नका." अर्जदाराने कोणाला सांगितले नाही. वजनाचा आकडा वहीत गिरवला. अक्षर बरे वळले म्हणून पेंटरला दाखवला. आठ दिवसांत आकडा निरंजनच्या नावासकट चौकात लागला. आपल्या कक्षाने परवानगी त्याच दिवशी दिली.

फलकाचा फोटो मोबाइलवरून फिरत तिकडे पोहोचला. जाहीर होण्याआधी आकडा फोडला म्हणून निरंजनला गटातून काढले. आता तो बहादरपुरात आठवीला गणित शिकवतो आणि त्याच फलकाखालून सायकलने जातो. पोरे विचारतात, "सर, आज कण दिसला का?"

गेल्या महिन्यात शोध जाहीर झाला. आकडा तोच. शोधाच्या निबंधाखाली हजारावर नावे आहेत, निरंजनचे नाही.

फलक उतरवा म्हणून अर्जदार कक्षात आला, तर मयूर बाबू म्हणाले, "बाबा, कण तो पक्का निकला ना? मग बोर्ड खोटा कसा?" वर आपले पत्र आले, की अक्षरे सोनेरी करून २० तारखेला निरंजनच्याच हातून पडदा उघडायचा आहे.

फलक काढायला त्याची सही लागते असे कळले. अर्जदार कागद घेऊन गेला. निरंजन जेवत होता. जेवता जेवताच म्हणाला, "सही नाही करणार. राहू द्या. तुम्हाला वाचता येतं ना, रोज वाचा."

सबब विनंती, की त्याच्या सहीवाचून फलक उतरवावा. नियमात बसत नसेल तर त्याखाली एवढे तरी घालावे : हा आकडा निंबा महाजन याने फोडला. मजकूर अर्जदार स्वतःच्या हाताने लिहून देईल.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
निंबा कडू महाजन
सिंधीपुरा, दि. १४ जुलै २०२५

सोबत : वहीचे पान, एक.