कॉम्प्युटर भंगारात का देऊ नये

श्रीयुत साडूभाऊंना धाकट्या साडूचा (नात्याने धाकटा, वयाने तुमच्याहून मोठाच) मनापासून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते कळवा. मोठ्या मेहुणीबाईंना नमस्कार सांगा. हे पत्र कागदावर का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर ओघात येईल, घाई करू नका.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून तुम्ही दिलेलं व्याख्यान मी विसरलेलो नाही. आता सगळं जग फोनमध्ये आलंय, तो ठोकळा कशाला सांभाळताय, मी तर माझा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात दिला, असं तुम्ही म्हणालात आणि चहा प्यायला निघून गेलात. तुम्ही गेलात, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला आमची ही बसलेली होती. ही लोकांचे कपडे शिवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कापड बेतायला तिला लांब टेबल हवं आहे, आणि आमच्या घरात लांब टेबल एकच. त्यावर माझा कॉम्प्युटर. त्याच्यावर मी निवृत्त होईपर्यंत लोकांच्या घरांचे नकाशे काढले, आणि आता माझ्या स्वतःच्या घरात माझी म्हणावी अशी जागा तेवढीच उरली आहे. (हसू नका. तुम्हीही निवृत्त व्हाल.) घरी येईपर्यंत हिचा निकाल तयार होता. फोनवर जे जे होतं ते सगळं त्या ठोकळ्यावर करून दाखवा, नाहीतर टेबल रिकामं करा.

मी आव्हान स्वीकारलं. कॉम्प्युटरच्या आत एक खोटा फोन उभा करणारा प्रोग्रॅम मिळतो. एकदा तो बसवला की फोनवरची ॲप्स बिनबोभाट त्यात नांदतात. मला तर हेच मुळात जास्त शहाणपणाचं वाटतं. फोनवरचं वाचायला मला चष्मा लागतो आणि तो चष्मा शोधायला दुसरा चष्मा. माझं बोट ‘हो’वर ठेवलं की ‘हो’, ‘नाही’ आणि शेजारची जाहिरात, तिन्ही एकदम दाबली जातात. शिवाय फोन सोफ्याच्या फटीत जातो. कॉम्प्युटर सोफ्याच्या फटीत गेल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? माझा विश्वास इतका दांडगा, की त्याच दिवशी मी माझा फोन सासूबाईंना देऊन टाकला आणि परतीचे दोर कापले.

पहिल्याच दिवशी एका ॲपने ‘फोन आडवा धरा’ अशी आज्ञा केली. आता आज्ञा पाळायची तर नीट पाळावी. मी कॉम्प्युटरचा पडदा उचलला, कुशीवर निजवला आणि घसरू नये म्हणून हिच्या इस्त्रीचं टेकण लावलं. चित्रही त्याच्याबरोबर निजलं. मग मी मान आडवी करून बातम्या पाहिल्या. बातम्या संपल्या तरी मान सरळ होईना. हिने मलम चोळलं आणि चोळता चोळता टेबलाची लांबी मोजून घेतली. (खोटा फोन आडवा करायचं बटण कोपऱ्यातच होतं. ते मला नंतर सापडलं, पण ते हिला सांगायची गरज नाही.)

खरी गंमत पुढे आहे. सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी हॉस्पिटलचं ॲप घेतलं, तर ते म्हणे मेलवर पाठवलेला चौकोनी कोड कॅमेऱ्याला दाखवा. कोड पडद्यावर, कॅमेरा त्याच पडद्याच्या डोक्यावर. स्वतःचं नाक स्वतःला दिसायचं कसं? मी डोकं लढवलं. गिऱ्हाइकांसाठी हिने जो उभा आरसा ठेवलाय, तो ओढत आणून पडद्यासमोर उभा केला. नेमक्या त्याच वेळी गाण्याच्या बाई नवा ड्रेस घालून बघायला आल्या होत्या. आरसा जिथे, तिथे त्या. आरशासमोर त्या आणि त्यांच्या पाठीमागे कॅमेरा, असा प्रकार झाला. पडद्यावर कोडाऐवजी बाईंची पाठ आली, चांगली हातभर रुंद, आणि ती त्यांना समोरच्या आरशात दिसली. आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःची पाठ धड दिसली असावी. त्या ओरडल्या, ‘‘बघा! मी म्हणत नव्हते, पाठीत फुगतं म्हणून?’’

गेली कित्येक वर्षं त्या असं म्हणतात आणि आमची ही म्हणते, तुम्हाला नुसतं वाटतं. आता पडद्यावर पाठ फुगलेली होती. हिने तोंडात टाचण्या धरल्या, पडद्याकडे बघत बघत पाठ चापून बसवली आणि मला म्हणाली, ‘‘आरसा हलवू नका. हे असंच राहू दे.’’

साडूभाऊ, मी जिंकलो! कॉम्प्युटर घरात राहिला. फक्त मी त्याच्यासमोर राहिलो नाही. कपडे बेतायचं एक ॲप आहे. फोनवर त्यातली बाही नखाएवढी दिसायची. या पडद्यावर ती खरोखरच्या बाहीएवढी होते, आणि ही पडद्यावर पातळ कागद लावून पेन्सिलने चक्क गिरवते. सकाळपासून खुर्ची तिची. मी मागे उभा. तिला असं रंगून काम करताना बघून मला फार बरं वाटतं, आणि माझी जागा गेली म्हणून वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

लहानांना आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला शुभेच्छा.

आपला,
विजयी साडू

ता. क. : तुम्ही नवा फोन घेताय असं कानावर आलं. जुना असाच पडून राहणार असेल तर माझ्याकडे पाठवा. सासूबाईंकडे दिलेला परत मागायची हिंमत माझ्यात नाही.

ता. क. २ : हिला यातलं काही कळू देऊ नका.

भाऊजी, पाकिटाला डिंक लावायला ह्यांनी पत्र माझ्याकडेच दिलं. फोन अजिबात पाठवू नका. फोन मिळाला की हे गच्चीत जाऊन बसतील, आणि मागून ‘तिथे नको, इथे दाब’ असं सांगणारं कोणी नसलं की माझा हातच चालत नाही. टेबल लांब आहे, दोघं मावतो. कापड मी बेतेन पूर्वीसारखं जमिनीवर. ताई सांगत होती, तुमचा कॉम्प्युटर भंगारात गेलेलाच नाही. पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवलाय, आणि ती बाहेर गेली की तुम्ही काढून पुसता. तो पाठवा.