दुपट्याच्या कडा

२१ नोव्हेंबर
परत वळल्या! सकाळी लोकरीचं दुपटं खाटेवर नीट पसरून ठेवलं, दुपारी बघते तर कडा आत गुंडाळलेल्या. मेथीच्या जुड्या बांधायच्या सोडून ओढत बसले. मेल्या ऐकत नाहीत.

धाकट्या जावेचे, योगिनीचे, दिवस भरत आलेत. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून बाळंतपण धनजला माहेरी नाही, इथे रिसोडलाच. बारशाला बाळ माझ्या दुपट्यात असावं, एवढंच मला हवंय. मला दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. त्यांच्यासाठी विणायला घ्यावं इतके दिवससुद्धा मिळाले नाहीत.

२३ नोव्हेंबर
इस्त्री फिरवली. घोडचूक. एक कोपरा पार चपटा, चकचकीत — धिरड्यासारखा. बाकीच्या कडा निवल्यावर पुन्हा होत्या तशा.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी लांबूनच पाहिलं. "राहू दे सुचिता. कडा पाह्य कशा मुडपून राह्यल्या. लेकराच्या अंगाले बोचतीन."

बरोबरच आहे त्यांचं. मीच घाई केली.

२४ नोव्हेंबर
उसवलं. सगळं.

२७ नोव्हेंबर
खोट सापडली. अख्खं दुपटं एका बाजूने सुलट, दुसऱ्या बाजूने उलट विणलं होतं. त्या विणीचा स्वभावच वळायचा, तिला ओढून काय होणार? आता चारही बाजूंना साबुदाणा-विणीची पट्टी घेतेय — एक सुलट, एक उलट, आणि परतीच्या ओळीत सुलटाच्या डोक्यावर उलट. हात सैल ठेवायचा. इस्त्रीने मेलेली लोकर कापून टाकली, नवीन गुंडी आणली.

कड जमतेय. आज बरं वाटतंय.

५ डिसेंबर
मुलगी झाली. डोक्यावर हे एवढं जावळ! योगिनीने दवाखान्यात माझ्या हातात दिली, तेवढ्यात सासूबाईंनी घेतली. "दे इकडं, थंडी वाजून राह्यली तिले."

पहिलं झबलं जुनं घालायचं, तेही लेकुरवाळ्या घरचं. राखीवन्संच्या घरून आणलं. रीतच आहे ती, मला काही वाटलं नाही. वाटलं थोडं.

११ डिसेंबर
झालं पुरं. ओलं करून टॉवेलवर पसरलं, कडेकडेने टाचण्या लावल्या, उन्हात वाळवलं. टाचण्या काढल्या, तरी कड जागची हलली नाही.

या वेळी सासूबाईंनी हातात घेतलं. चारही कडांवरून बोट फिरवलं, बराच वेळ. "आता सरळ आहेत ना?" मी विचारलं. "हाव," म्हणाल्या आणि पेटीत ठेवून दिलं.

१४ डिसेंबर
मागे भांडी घासत होते. शेजारच्या गंगूकाकू ओसरीवर सासूबाईंपाशी बसलेल्या. "तिच्या हातचं काहून घेतलं? दोनदा कूस रिकामी झाली तिची. कोनी पाह्यलं तं नावं ठेवतीन."

सासूबाईंनी त्यांना अडवलं नाही, तांदूळ पाखडणं चालूच ठेवलं.

म्हणजे कडांचं कधी काही नव्हतंच. हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मनावर नको घेऊ." कुठे घेऊ मग? फार वाईट वाटतंय. स्वतःच्या हातांकडे बघवत नाही.

१६ डिसेंबर
उद्या बारसं. डोकं दुखतंय म्हणून खोलीतच राहीन.

१७ डिसेंबर
योगिनी स्वतः बोलवायला आली, म्हणून गेले. बाळ पाळण्यात, माझ्या दुपट्यात. गंगूकाकूंनी कड चाचपली — "हे तं सुचितानं..." सासूबाईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "योगिनीच्या मायनं धनजहून पाठोलं." मग माझ्याकडे बघत राहिल्या.

मी पुढे झाले, बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं आणि म्हटलं, "छान विणलंय त्यांनी."