बर्फाच्या आधी पोहोचलो

१४ सप्टेंबर, रविवार. नास, आयर्लंड.
मुक्ताच्या शाळेची जानेवारीत स्की-ट्रिप आहे. ठरवलं: त्याआधी तिला आपणच शिकवायचं. पोरगी पंधराची झाली, वायफायचा पासवर्ड सोडून माझ्याकडून काही घेत नाही. मला स्कीइंग येत नाही, पण व्हिडिओ पाहिलेत. मुख्य म्हणजे गुडघे वाकवणे.

१६ सप्टेंबर
ऑस्ट्रियातलं हॉटेल बुक केलं. ऑक्टोबरची मिड-टर्म सुट्टी. उल्का म्हणाली, तिथला सीझन कधी सुरू होतो ते बघितलंस का? बायकोला प्रत्येक गोष्टीत शंका. एवढ्या उंच डोंगरावर बर्फ नसेल तर कुठे असेल? हॉटेलच्या फोटोत तर ढीगभर आहे.

२ ऑक्टोबर
ऑफिसातला डेक्लन दरवर्षी जातो. म्हणाला, सीझन साधारण डिसेंबरच्या मध्यापासून ईस्टरपर्यंत. आत्ता डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टही बंद असतील. वर म्हणे, चालायला मात्र ग्रँड. माणूस चांगला आहे, पण जळतो.
आजपासून रोज पन्नास उठाबशा. आज बारा. गुडघे जपायला हवेत.

२० ऑक्टोबर
हॉटेलची मेल: स्की-रूम बंद, सायकली मिळतील. ऑटोमॅटिक मेल असणार. उल्काला दाखवली नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळ.
पोहोचलो. डोंगर हिरवागार. गाई चरतायत. लिफ्टच्या खुर्च्यांवर प्लास्टिक घातलंय. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, सीझन डिसेंबरच्या मध्याला. दरवर्षीच.
उल्काने लगेच डोंगरातल्या पायवाटांचा नकाशा मागून घेतला.
क्लायमेट चेंज. दुसरं काय.

२९ ऑक्टोबर
मायलेकी रोज डोंगर चढतात, गाल लाल करून परत येतात. मी बाल्कनीत. वर ढग आहेत, बर्फ कधीही पडेल. मुक्ता दारात थांबून म्हणाली, "बाबा, विल यू नॉट कम फॉर अ वॉक?" मी म्हटलं, उद्या. ती गेल्यावर लक्षात आलं, तिने आपणहून कुठे चल म्हणून कितीतरी महिन्यांनी विचारलं.

३० ऑक्टोबर
गेलो.
अर्ध्या वाटेवर उतार छान होता, म्हणून तिला स्कीइंगचा पवित्रा दाखवायला गेलो. पाय शेणावर. वीसेक फूट बसूनच खाली. मुक्ता धावत आली, आधी लागलं का विचारलं, मग हसायला लागली ती थांबेचना. मीही हसलो. घोटा टम्म सुजला. गावातल्या दवाखान्यापर्यंत तिच्या खांद्यावर हात टाकून उतरलो. वाटेत ती सलग बोलत होती: शाळा, मैत्रिणी, ओशीन नावाचा एक कोणीतरी मुलगा.
डॉक्टरांनी विचारलं, स्कीइंग करताना? मी हो म्हणालो.
"अह नो," मुक्ता म्हणाली, "ही स्लिप्ड ऑन अ काऊपॅट."
डॉक्टरांना तो शब्द कळला नाही. मग तिने हातवारे करून, हंबरण्यासकट, समजावून सांगितलं.