चौथे सुदर्शन सोनवणे

येरवडा,
४ जानेवारी २०२५

ती. तात्या यांस,
मैत्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर आपल्या दोघांचे आवाज चढतात, म्हणून वादाचे विषय कागदावर मांडण्याची आपल्या घरची रीत पाळते आहे.

तुमच्या चरित्रकोशाच्या पुरवणीत सुदर्शन सोनवणे या नावाचे तिघे आहेत असे कळले: चित्रकार, कुस्तीगीर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. चौथे, म्हणजे माझे बाबा आणि तुमचे चिरंजीव, नाहीत. येरवड्याच्या तुरुंगात सव्वीस वर्षे त्यांनी बंद्यांना लिहायला-वाचायला शिकवले. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. आई तुम्हांला काही विचारणार नाही. पण पुरवणी छपाईला जाणार हे कळल्यापासून ती टपालाची वाट पाहते.

मंडईतली अंजिरे पाठवली आहेत. ती लाच समजू नये.

तुमची,
मैत्री

सदाशिव पेठ,
९ जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र व अंजिरे पोचली. अंजिरे उत्तम होती. पत्राबद्दल तसे म्हणता येत नाही.

कोशात नोंद व्हावयाची तर नातलगाने न लिहिलेला छापील पुरावा लागतो. शिवाय संपादकाने स्वतःच्या मुलाची नोंद घेणे अनुचित होय. सुदर्शनचे काम मोठे होते, हे तुझे विधान खरे असेल. परंतु खरे असणे आणि सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत. ललिताला वाईट वाटेल, हे मी जाणतो. तिने औषधे वेळेवर घ्यावीत.

आशीर्वाद आहेतच,
तात्या

येरवडा,
१४ जानेवारी २०२५

ती. तात्या यांस,
सविनय जय भीम.

नियम मान्य. तो लावण्याचा तुमचा अधिकार मान्य नाही. मुलाची नोंद घेण्यास संपादक अपात्र असेल, तर ती नाकारण्यासही तो अपात्रच ठरतो. तेव्हा हे प्रकरण सहसंपादक नागोरावकाकांकडे सोपवावे.

सोबत बाबांनी बंद्यांसाठी तयार केलेले छापील वाचनपुस्तक जोडते आहे. प्रस्तावना एका निवृत्त तुरुंगाधिकाऱ्यांची आहे. ते आपले कोणी लागत नाहीत. बाबांनी वकील व्हावे ही तुमची इच्छा होती, ते झाले नाहीत. एवढी एक बाब पुराव्यात धरू नये.

रागावला असाल तर तसे लिहा, पण लिहा.

मैत्री

सदाशिव पेठ,
२३ जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या युक्तिवादात तीन दिवस दोष शोधला; सापडला नाही. चौथ्या दिवशी पुस्तक नागोरावांच्या हाती दिले आणि त्यांचे वाचून होईपर्यंत बाहेर बसून राहिलो. नोंद त्यांनी स्वीकारली आहे.

नावे सारखी असली की आम्ही प्रत्येकापुढे कंसात त्याचे क्षेत्र लिहितो. यांच्यापुढे काय लिहू, असे नागोरावांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मुलगा काय करतो असे कोणी विचारले, की तुरुंगात नोकरीला असतो, एवढेच मी आयुष्यभर सांगत आलो. नागोरावांनाही तेवढेच ठाऊक होते. मी शिक्षक म्हणालो. त्यांना ऐकू गेले नाही. तेव्हा पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो.

हे पत्र ललिताला वाचून दाखवू नकोस. रविवारी सकाळी मी येतो आहे. तिला मीच सांगेन.

लोभ वाढावा, ही विनंती या खेपेस माझी.

तुझा,
तात्या